डी-वेव्ह लीप : तीन टेम्पो, चोवीस केमिस्ट आणि भाड्याचं क्वांटम

वडाळ्यातलं औषधांचं गोदाम, तीन टेम्पो, चोवीस केमिस्ट. दुकानं दादर, माटुंगा, शीव, परळ, प्रभादेवी अशी विखुरलेली. एका टेम्पोत ६० क्रेट बसतात आणि दिवसाचा माल १६८ क्रेट, म्हणजे तिन्ही गाड्या मिळून जेमतेम १२ क्रेटची जागा रिकामी. सात दुकानदारांना माल सकाळी अकराच्या आत हवा. कोणता टेम्पो कोणत्या दुकानांना, आणि कोणत्या क्रमानं? क्वांटम ऑप्टिमायझेशन विकायला येणारा प्रत्येक जण पहिल्या पाच स्लाइडमध्ये हाच प्रश्न मांडतो, म्हणून डी-वेव्हच्या लीप या क्लाउड सेवेचं परीक्षणही याच नमुन्यावर केलं आहे. आकडे मुद्दाम लहान ठेवलेत, कागदावर पडताळून पाहता येतील एवढे.

निकाल आधीच सांगून टाकू. लीपमधले हायब्रिड सॉल्व्हर, म्हणजे नेहमीचे संगणक आणि क्वांटम चिप मिळून प्रश्न सोडवणारे प्रोग्रॅम, नीट बनवलेले आहेत, पण या टेम्पोंसाठी ते घेऊ नका. नुसतं क्वांटम यंत्र शिकण्यासाठी उत्तम, धंद्यासाठी नाही. पैसे वसूल होण्याची शक्यता आहे ती गोदामाच्या आतल्या एका वेगळ्याच प्रश्नात, तो शेवटी येईल.

कंपनी १९९९ मध्ये कॅनडात सुरू झाली. लीप २०१८ मध्ये सुरू झालं. मागे जी यंत्रं आहेत ती सर्वसाधारण क्वांटम संगणक नाहीत, ती अ‍ॅनीलर आहेत. १५ मिलिकेल्विनच्या आसपास थंड केलेली अतिवाहक चिप, तिच्यावर तुमचा प्रश्न ऊर्जेच्या रूपात मांडायचा आणि चिप हळूहळू कमी ऊर्जेच्या अवस्थेत स्थिरावते. ती अवस्था म्हणजे उत्तर, निदान उत्तराचा उमेदवार. ही कल्पना कादोवाकी आणि निशिमोरी यांनी १९९८ मध्ये मांडली. २०२० च्या अ‍ॅडव्हांटेज यंत्रात पाच हजारांहून जास्त क्यूबिट, म्हणजे क्वांटम बिट, आहेत आणि प्रत्येक क्यूबिट १५ शेजाऱ्यांना जोडलेला आहे. २०२५ मध्ये आलेल्या अ‍ॅडव्हांटेज२ मध्ये क्यूबिट कमी, ४४०० च्या वर, पण जोडण्या २०. गिऱ्हाइकानं बघायचा आकडा हा दुसरा. का, ते पुढे.

बसवायला अर्धा तास पुरतो. पायथनचं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, त्यात पिपनं ओशन एसडीके, म्हणजे डी-वेव्हचा साधनसंच, टाका, ‘डीवेव्ह सेटअप’ चालवून टोकन, म्हणजे तुमच्या खात्याची किल्ली, भरा, ‘डीवेव्ह पिंग’नं जोडणी तपासा. टोकन कोडमध्ये लिहू नका. गिटवर गेलं की तुमच्या खात्यावर दुसऱ्याचे प्रयोग चालतात. दुकानांची नावं-पत्ते पाठवायची गरजच पडत नाही, वर जातात ते फक्त आकडे. कागदपत्रं चांगली आहेत आणि उदाहरणं चालतात. या क्षेत्रात एवढंही सगळीकडे मिळत नाही.

आता खरं काम. यंत्राला मर्यादा, अटी, नियम असलं काही कळत नाही. त्याला कळतो फक्त क्यूबो, म्हणजे शून्य किंवा एक असणारी चलं, त्यांच्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीची किंमत. ‘प्रत्येक दुकानात एकदाच जा’ ही अट दंडाच्या भाषेत लिहावी लागते. एका दुकानासाठी तीन चलं धरा, क, ख, ग : पहिल्या क्रमांकावर जायचं, दुसऱ्या की तिसऱ्या. तिन्हींपैकी नेमकं एकच १ असायला हवं. म्हणून क + ख + ग − १ याचा वर्ग करायचा. चल शून्य किंवा एकच असल्यामुळे ‘क’चा वर्ग ‘क’च राहतो, आणि उरतं ते असं : −क −ख −ग + २कख + २कग + २खग + १. याला दंडाच्या रकमेनं गुणायचं. एकच चल १ असेल तर बेरीज शून्य, एकही नसेल तर १, दोन असतील तर १, तिन्ही असतील तर ४. पूर्ण मांडणीत दुकानाला अशी एक अट लागते आणि फेरीतल्या प्रत्येक क्रमांकाला एक.

दंड किती ठेवायचा, इथं पहिल्यांदा हात भाजतो. चलं फुकट आहेत, पण मिनिटं महाग आहेत, त्यामुळे यंत्र पळवाट शोधतं. समजा परळच्या एका दुकानात पोचायला ३५ मिनिटं लागतात आणि तिथून पुढे जायला ३०. दंड २० ठेवलात. यंत्रानं ते दुकानच गाळलं तर दोन अटी मोडतात, दुकानाची आणि त्या क्रमांकाची. एकूण दंड ४०, वाचले ६५. यंत्राला २५ मिनिटांचा निव्वळ फायदा झाला आणि केमिस्ट इन्सुलिनची वाट बघत बसला. उत्तर ‘सर्वोत्तम’ म्हणूनच येतं, त्यावर लाल खूण नसते. नियम सोपा आहे : दुकान गाळण्याचा दंड दोनदा बसतो आणि वाचतात जास्तीत जास्त दोन टप्पे, म्हणून दंड सर्वांत लांब टप्प्यापेक्षा जास्त हवा. लांबात लांब टप्पा ५५ मिनिटांचा असेल तर ६० ठेवा.

मग सुरक्षित म्हणून १००० का नको? कारण यंत्र अ‍ॅनालॉग आहे. जोडण्यांचा पल्ला साधारण उणे १ ते अधिक १, त्यात तुमचे सगळे आकडे दाबून बसवले जातात. दंड १००० असेल तर अटींच्या जोडण्यांवर २००० चा आकडा येतो, आणि दोन रस्त्यांमधला ३ मिनिटांचा फरक दाबून ०.००१५ होतो. एवढा फरक त्या चिपला दिसत नाही. मग उत्तरात अटी सगळ्या पाळलेल्या असतात आणि क्रम लॉटरी काढल्यासारखा. दंड ६० असेल तर तोच फरक ०.०२५ राहतो. क्वांटम प्रकल्पांत लोकांचे आठवडे जातात ते बहुतेक याच घोळात, क्वांटमशी त्याचा संबंध थोडाच.

दुसरा घोळ साखळ्यांचा. तीन टेम्पो बाजूला ठेवू. एकच टेम्पो आणि सात दुकानं घेऊ. सात दुकानं गुणिले सात क्रमांक, ४९ चलं. मधल्या क्रमांकावरचं एक चल बघा. त्याच दुकानाच्या बाकीच्या सहा चलांशी त्याचं नातं आहे, त्याच क्रमांकावरच्या बाकीच्या सहा दुकानांशी आहे, आणि आधीच्या-पुढच्या क्रमांकावरच्या सहा-सहांशी आहे. एकूण २४. क्यूबिटला जोडण्या १५, नव्या यंत्रात २०. बसत नाही. म्हणून एका चलासाठी अनेक क्यूबिट साखळीत बांधतात आणि ‘तुम्ही सगळे एकच उत्तर द्या’ असं त्यांना जोरानं सांगतात. तो जोर म्हणजे चेन स्ट्रेंग्थ. कमी पडला तर साखळी तुटते, अर्धे क्यूबिट शून्य म्हणतात, अर्धे एक, आणि सॉफ्टवेअर बहुमतानं निकाल लावतं. जास्त झाला तर पुन्हा वरचीच दाबादाबी. ओशनचा ठरीव हिशेब सुरुवातीला चालतो. निकालासोबत येणारं तुटलेल्या साखळ्यांचं प्रमाण वाचा आणि ते दहा टक्क्यांच्या वर गेलं तर उत्तराकडे बघूच नका, आधी जोर वाढवा.

पाच हजार क्यूबिट म्हणजे पाच हजार चलं, हा समज इथंच संपतो. सगळी चलं एकमेकांशी जोडलेली असतील तर पेगासस रचनेच्या (क्यूबिट १५ शेजाऱ्यांना जोडण्याचा तो आराखडा) अ‍ॅडव्हांटेजवर, एकही क्यूबिट बिघडलेला नाही असं धरूनसुद्धा, १८० चलं बसतात. फेरीच्या प्रश्नाला दुकानांच्या संख्येचा वर्ग लागतो, तेव्हा तेरा दुकानं, १६९ चलं. हमखास बसेल ते एवढंच. तेरा दुकानांचे क्रम ६२२ कोटींच्या वर होतात हे खरं. पण हेल्ड-कार्प ही १९६२ ची जुनी पद्धत तेराचा वर्ग गुणिले दोनाचा तेरावा घात, म्हणजे १४ लाखांच्या आत पायऱ्यांमध्ये नेमकं, सिद्ध उत्तर देते. साध्या लॅपटॉपला तेवढ्या कामात पंखासुद्धा लावावा लागत नाही.

वेगाचंही तसंच. जाहिरातीतला २० मायक्रोसेकंद हा आकडा खोटा नाही, ठरीव अ‍ॅनीलिंग वेळ तेवढाच आहे. हजार वेळा चालवलं तर २० मिलिसेकंद. पण त्यात चिपवर प्रश्न चढवण्याचा वेळ नाही, दर वेळी वाचण्याचा नाही, रांगेचा नाही, आणि सर्वांत मोठा खर्च, म्हणजे साखळ्या कुठून कुठे न्यायच्या हे शोधण्याचा वेळ, तोही नाही. ते शोधकाम मायनरमायनर नावाचं पॅकेज तुमच्याच संगणकावर करतं आणि दाट प्रश्नाला त्यात कित्येक मिनिटं जाऊ शकतात. उपाय आहे. दुकानांची रचना रोज तीच असेल आणि फक्त मिनिटं बदलत असतील तर एकदा सापडलेली मांडणी जपून ठेवा. एम्बेडिंगकंपोझिटच्या जागी लेझीफिक्स्डएम्बेडिंगकंपोझिट वापरलं की त्याच चालू सत्रात ती आपोआप परत वापरली जाते. दाट प्रश्नाला डीवेव्हक्लिकसॅम्पलर घ्या, तो शोधत बसत नाही.

आणखी एक सवय लावून घ्या. जे क्यूबो वर पाठवणार आहात तेच आधी ओशनमधल्याच सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंगला द्या. ती चिपच्या स्थिरावण्याची साध्या संगणकावरची नक्कल, ते फुकट आहे आणि लॅपटॉपवर चालतं. वीसेक चलांपर्यंत ओशनमधल्या डायमॉडचा एक्झॅक्टसॉल्व्हर सगळी उत्तरं मोजून दाखवतो, दंड चुकला असेल तर तिथंच कळतं. सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंगनं दिलेल्या उत्तरापेक्षा क्वांटमचं उत्तर चांगलं आलं तरच पुढचा खर्च.

हायब्रिड सॉल्व्हर हे वेगळं प्रकरण. इथं मोठा प्रश्न डी-वेव्हच्या सर्व्हरवरचे नेहमीचे संगणक सोडवतात आणि मधेमधे त्यातले तुकडे क्वांटम चिपला विचारतात. साखळ्यांची कटकट नाही. २०२१ मध्ये आलेल्या सीक्यूएम (अटींसह क्वाड्रॅटिक मॉडेल) सॉल्व्हरला अटी अटींसारख्याच सांगता येतात, दंड हातानं ठरवायला लागत नाही. साठ क्रेटची मर्यादा नुसत्या क्यूबोत बसवायची तर रिकाम्या जागेसाठी टेम्पोमागे सहा जादा चलं लागतात, १, २, ४, ८, १६ आणि २९ किमतीची. शेवटचं ३२ नव्हे, २९, कारण बेरीज ६० च्या वर जाता कामा नये. सीक्यूएममध्ये ‘क्रेटांची बेरीज ६० किंवा कमी’ एवढं लिहिलं की झालं.

आपला पूर्ण नमुना त्यात असा बसतो. प्रत्येक टेम्पोला जास्तीत जास्त दहा थांबे धरले तर २४ दुकानं गुणिले ३ टेम्पो गुणिले १० क्रमांक, ७२० चलं. अटी : दुकान एकदाच, २४, एका टेम्पोच्या एका क्रमांकावर जास्तीत जास्त एक दुकान, ३०, क्रेट, ३, मधे रिकामा क्रमांक नको, २७. एकूण ८४. लागोपाठच्या थांब्यांच्या जोड्या १४,९०४. शेवटच्या दुकानातून वडाळ्याला परतण्याचा टप्पा विसरू नका. तो त्याच जोड्यांमधून लिहिता येतो, पण पहिल्या मांडणीत हमखास राहून जातो, आणि मग तिन्ही फेऱ्या गोदामापासून लांबच्या टोकाला संपतात.

अकराच्या आतल्या सात दुकानांसाठी वेळेची अट लिहीत बसू नका. त्या दुकानांची पाचव्या क्रमांकापासून पुढची चलं तयारच करू नका. १२६ चलं कमी होऊन ५९४ उरतात आणि पहिल्या चार थांब्यांत ती दुकानं आपोआप येतात. चार थांबे अकराच्या आत उरकतात का हे मात्र उत्तर आल्यावर घड्याळ लावून तपासायचं. तिन्ही टेम्पो सारखेच असल्यामुळे एकच उत्तर सहा वेगवेगळ्या रूपांत येतं. एक दुकान पहिल्या टेम्पोला बांधून टाका, ही पुनरावृत्ती सहावरून दोनवर येते.

सीक्यूएमला किमान पाच सेकंद द्यावे लागतात. निकाल आला की आधी अटी पाळणारी उत्तरं गाळून घ्या, कारण यादीतलं सर्वांत स्वस्त उत्तर कित्येकदा अट मोडणारंच असतं. गाळणीतून काहीच उरलं नाही तर वेळ वाढवून बघा, तरीही नाही तर तुमच्याच अटी एकमेकींना छेदतायत. १८० मध्ये १६८ क्रेट ही बेरीज जमली तरी २३, १९ असे मोठे ऑर्डर असतील तर साठ-साठच्या तीन वाट्यांत ते बसतीलच असं नाही. ते आधी कागदावर बघा.

२०२४ मध्ये आलेला नॉनलिनियर सॉल्व्हर फेऱ्यांसाठी त्याहून बरा. त्यात ‘यादी’ हेच एक चल असतं, म्हणजे दुकानांचा क्रम थेट लिहिता येतो आणि वर्गात वाढणारी चलं गायब होतात. वाहनक्षमतेसह फेऱ्यांचा तयार साचा ओशनमध्येच दिलेला आहे. लीपवरच फेऱ्या सोडवायच्या असतील तर सीक्यूएम सोडून थेट इथं या.

निकालासोबत वेळेचे तीन आकडे येतात : चालण्याचा, बिल होण्याचा आणि क्वांटम चिपचा. तिन्ही मायक्रोसेकंदांत, त्यामुळे शून्यं नीट मोजा. बिल होणारा वेळ काही सेकंदांएवढा भरतो. चिपचा वेळ त्यापुढे बघा, बहुतेक वेळा काही मिलिसेकंदांएवढाच. पैसे तुम्ही मुख्यतः चांगल्या पारंपरिक अल्गोरिदमचे देता, क्वांटम हा त्यातला तडका. त्यात फसवणूक नाही, कंपनी ‘हायब्रिड’ असंच म्हणते. ‘आमच्या फेऱ्या क्वांटम संगणक ठरवतो’ असं कुणी बोर्डावर लावणार असेल तर मात्र हा आकडा त्याला दाखवावा.

आता तुलना, आणि ती लीपला जड जाते. गूगलची ओआर-टूल्स फुकट आहे, तिच्यात फेऱ्यांसाठी खास विभाग आहे आणि हा २४ दुकानांचा प्रश्न तिच्यासाठी लिंबूटिंबू. सुरुवातीला सर्वांत स्वस्त टप्पा जोडत जाणारी पद्धत निवडा, मग गायडेड लोकल सर्च, आणि ३० सेकंदांची मर्यादा. मर्यादा घातली नाही तर तो शोध थांबतच नाही आणि लोकांना वाटतं प्रोग्रॅम लटकला. प्रवासाची मिनिटं पूर्णांकात द्या. अपूर्णांक हवेत तर सेकंद करा. वेळेच्या खिडक्या, चालकाचं जेवण, वेगवेगळ्या आकाराच्या गाड्या हे सगळं तिच्यात तयार आहे. उत्तर सर्वोत्तम असल्याची हमी तीही देत नाही, पण हायब्रिड सॉल्व्हरही देत नाही. इंटरनेट गेलं तरी ती चालते, आणि पहाटे पाचला गोदामात याला किंमत आहे.

कोणताही सॉल्व्हर घ्या, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आड म्हणजे प्रवासवेळांचा तक्ता. गोदाम धरून २५ ठिकाणं, कर्ण सोडून ६०० आकडे. ते सरळ रेषेतल्या अंतरावरून काढले तर मुंबईत सगळंच बोंबललं. परळ आणि प्रभादेवीची दुकानं नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसतात, पण मधे रुळ आहेत. एल्फिन्स्टनचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला आणि वाहतूक दादरच्या टिळक पुलाकडे किंवा करी रोडकडे वळली. शीवचा रेल्वेवरचा पूल त्याआधी, ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला होता. जुना तक्ता वापरणाऱ्याचा सॉल्व्हर टेम्पोला नसलेल्या पुलावरून पाठवतो आणि वर ‘चार टक्के बचत’ दाखवतो. जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा धरा, एकदिशा रस्ते भरपूर आहेत. क्यूबोला त्याची अडचण नाही, जोडीची दिशा त्यात येतेच.

सकाळी नऊचा आणि दुपारी एकचा असे निदान दोन तक्ते हवेत. जुलैसाठी तिसरा. हिंदमाता आणि किंग्ज सर्कलच्या गांधी मार्केटला पाणी तुंबलं की त्या बाजूचे सगळे टप्पे एकदम बदलतात, आणि त्या दिवशी क्रम चालकच ठरवतो, तेच बरं. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ओएसआरएम फुकट तक्ता देतं, पण त्यात त्या घडीची रहदारी नसते. स्वतःच्या टेम्पोंच्या जीपीएसच्या महिनाभराच्या नोंदी असतील तर त्यांवरून काढलेले मध्यक कुठल्याही विकतच्या तक्त्यापेक्षा कामाचे. या तक्त्यावर घातलेला एक दिवस सॉल्व्हर बदलण्यापेक्षा जास्त डिझेल वाचवतो.

गेट पद्धतीची यंत्रं, म्हणजे क्यूबिटांवर एकामागून एक क्रिया (गेट) करत जाणारे सर्वसाधारण क्वांटम संगणक, थोडक्यात. फार्ही आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेली क्यूएओए पद्धत आयबीएमच्या यंत्रांवर चालवता येते, खुल्या योजनेत दर २८ दिवसांना १० मिनिटं फुकट मिळतात. आपल्या सात दुकानांच्या ४९ चलांत ५४६ जोड्या आहेत. जोडीला दोन धरले तर एका थराला १०९२ द्विक्यूबिट गेट. एका गेटमागे हजारात तीनच चुका धरल्या तरी सगळे गेट बिनचूक पार पडण्याची शक्यता शंभरात चारसुद्धा नाही. आयबीएमच्या हेरॉन चिपवर क्यूबिटला जास्तीत जास्त तीन शेजारी, त्यामुळे अदलाबदलीचे गेट वेगळे, ते यात धरलेलेच नाहीत. शिकायला जरूर वापरा. मुंबईतल्या मुंबईत हे तंत्र घडताना बघायचं तर कुलाब्याची टीआयएफआर ही संशोधन संस्था आहे. डीआरडीओ आणि टीसीएसबरोबर तिथल्या गटानं केलेल्या सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण झाली. तो संशोधनाचा भाग आहे, टेम्पोचा नव्हे.

मार्च २०२५ मध्ये डी-वेव्हच्या यंत्रानं पारंपरिक संगणकांना मागे टाकल्याच्या बातम्या आल्या, त्यांचा दाखलाही विक्रेते देतात. तो दावा चुंबकीय पदार्थांच्या सिम्युलेशनबद्दल होता. डिलिव्हरीशी त्याचा संबंध जोडू देऊ नका.

आता गोदामाच्या आत. चाळीस खण, चाळीस जलद खपाची औषधं. जी औषधं एकाच ऑर्डरमध्ये येतात ती जवळजवळ ठेवली तर माल काढणाऱ्या मुलांची चाल कमी होते. प्रश्न ऐकायला टेम्पोपेक्षा सोपा, पण जातीनं फार वाईट. याला क्वाड्रॅटिक असाइनमेंट म्हणतात. फेरीविक्रेत्याचा, म्हणजे सगळी ठिकाणं सर्वांत लहान फेरीत उरकण्याचा, ८५,९०० ठिकाणांचा प्रश्न २००६ मध्ये सिद्धतेसह सुटला. या जातीतला ३० जागांचा एनयूजी३० हा प्रसिद्ध नमुना २००० साली सोडवायला शेकडो संगणकांचं जाळं आठवडाभर राबवावं लागलं. इथं सगळ्यांचं सगळ्यांशी नातं असतं. चाळीसला १६०० चलं आणि जोड्या १२ लाखांच्या वर. ओआर-टूल्समध्ये फेऱ्यांसारखा तयार साचा नाही, आणि नेहमीच्या रेखीय सॉल्व्हरला द्यायचं तर प्रत्येक जोडीसाठी जादा चल निर्माण होतं. जोड्यांचीच भाषा बोलणारा हायब्रिड सॉल्व्हर इथं घरच्या मैदानावर येतो. यादीचल वापरून मांडणी वीस-पंचवीस ओळींत होते आणि काम रोजचं नाही, तीन महिन्यांतून एकदाचं, त्यामुळे बिलही आवाक्यात राहतं.

तरी आधी पायथनच्या सायपाय पॅकेजमधलं क्वाड्रॅटिक असाइनमेंट चालवा. त्यात दोन पद्धती आहेत. एफएक्यूचं उत्तर टूऑप्टला सुरुवात म्हणून द्या, आणि वेगवेगळ्या सुरुवातींनी शंभर वेळा चालवा. सगळं फुकट. लीपचं उत्तर त्याच्याशी ताडून बघा. ऑर्डरच्या नोंदी तीन महिन्यांच्या घ्या. एकाच महिन्याच्या घेतल्या आणि तो जुलै निघाला तर तापाच्या गोळ्या दारात येऊन बसतील आणि ऑक्टोबरमध्ये तिथंच अडथळा होईल. फ्रिजमधल्या औषधांचे खण आधीच बांधून ठेवा, ती चलं प्रश्नात घ्यायचीच नाहीत. आणि औषध आहे त्या खणातून हलवण्याची मजुरी किमतीत घाला, एका ओळीची भर आहे. ती नसेल तर दोन पावलं वाचवण्यासाठी चाळीसच्या चाळीस खण रिकामे करायला सांगणारं उत्तर येतं. गणितात ते बरोबर असतं, आणि हमाल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रॅकच लावत बसलेले असतात.